कंचा दम?

मी मराठीची शिक्षिका आहे. तळेगावच्या एका शाळेत गेली कित्येक वर्षं मुलांच्या वह्यांमधले ऱ्हस्व-दीर्घ पकडत आले आहे. माझा स्वभाव गोड आहे असं कुणी म्हणत नाही. चुकीचा शब्द कानावर पडला की माझ्या कपाळाला आठी पडते, मग तो मुलाच्या तोंडचा असो, मुख्याध्यापकांच्या भाषणातला असो की कुणाच्या लग्नपत्रिकेतला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जी चूक झाली ती शब्दाची होती आणि ती माझी होती.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, लोणावळ्याजवळ औंढ्याला राहतात. भातशेती आहे, एक म्हैस आहे, धाकटा भाऊ आणि भावजय जवळ आहेत. भाऊ लोणावळ्याच्या एका हॉटेलात कामाला, त्यामुळे लोकांना सुट्टी असते तेव्हा त्याला नसते. दवाखान्याची कामं म्हणून माझ्याकडे. तशी वाटणी कुणी केली नव्हती, ती आपोआप झाली.

होळीच्या सुमारास आबांचा फोन आला. एरवी ते फोनवर म्हशीबद्दल बोलतात. त्या दिवशी म्हणाले, "वरल्या पोटात कायतरी दाबल्यावानी हुतंय गं. जेवलं की जास्तच." माझ्यापुढे दहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. औंढ्याशी बोलताना माझा 'तुम्ही'मधला ह गळून पडतो, तसा तो पडला आणि मी म्हणाले, "आबा, तुमी जरा दम धरा. पेपर तपासून झालं की दाखवू." ते "व्हय" म्हणाले. पुन्हा म्हशीवर आले.

पेपर झाले. मग निकाल, मग भाचीचं लग्न, मग शाळा सुरू झाली, मग भाताची लावणी आली आणि तेव्हा आबाच निघायला तयार होईनात. लोणावळ्याच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे त्यांना नेलं तेव्हा श्रावण लागला होता. ते आठवलं की आजही मला माझा राग येतो.

सोनोग्राफीत स्वादुपिंडावर एक डाग दिसला. हा शब्द मी शंभर वेळा फळ्यावर शुद्ध लिहिलाय, पण तो अवयव शरीरात नेमका कुठे असतो हे मला त्या दिवशी कळलं. जठराच्या मागे, अगदी खोल. आबांनी विचारलं, "स्वादु म्हंजी? ग्वाड आसतंय का?" डॉक्टर हसले आणि मग हसू आवरून त्यांनी मला बाजूला घेतलं. डाग म्हणजे पाण्याची साधी पिशवी असेल तर काही करायला नको. तसं नसेल तर फार मोठी शस्त्रक्रिया, आणि ती या वयाला झेपेल की नाही हा वेगळा प्रश्न. दोन्हींतलं काय ते सोनोग्राफीवरून सांगता येत नव्हतं. एमआरआय करा म्हणाले.

हायवेलगतच्या एका केंद्रात आम्ही गेलो. तिथला तंत्रज्ञ हिंदी बोलणारा, सभ्य माणूस. त्याने आबांच्या हातातलं तांब्याचं कडं काढायला लावलं, टोपी काढायला लावली, पोटावर एक जाड गादीसारखं काहीतरी बांधलं आणि कानांवर मोठे हेडफोन चढवले. मग मला म्हणाला, "मॅडम, आवाज़ हिंदी में आएगी. साँस रोकनी है. आप बाबा को मराठी में समझा दो."

समजावणं हा तर माझा धंदा. मी पुढे झाले आणि आबांच्या कानावरचा हेडफोन उचलून म्हणाले, "आबा, हितं आवाज येईल. आवाज आला की दम धरायचा. हलायचं न्हाई, दम धरायचा."

"धरतो की," आबा म्हणाले. "त्यात काय."

मी बाहेर बाकावर बसले. आतून ठोकल्यासारखा, घरघरल्यासारखा आवाज येत होता. तंत्रज्ञ दोनदा बाहेर येऊन गेला. बाबा साँस नहीं रोक रहे. तिसऱ्यांदा त्याने मला आत नेऊन माइकपुढे उभं केलं. काचेपलीकडे आबांचे फक्त तळपाय दिसत होते. मी वर्गातला आवाज काढला. "आबा, दम धरा ना जरा!"

पलीकडून आवाज आला, "धरलाय की गं. आनी किती धरू?"

मला वाटलं, त्यांना जमत नाहीये. त्र्याहत्तर वर्षांची छाती, वीस मोजेपर्यंत श्वास रोखायचा म्हणजे गंमत आहे का. म्हणजे पोट आहेच, आता फुफ्फुसंही गेली, असा हिशोब मी उभ्या उभ्या करून टाकला. घरी येताना मी आबांशी फार हळू बोलत होते. ते माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होते.

दोन दिवसांनी अहवाल आला. इंग्रजीत होता, पण अर्थ असा की हालचालीमुळे प्रतिमा अस्पष्ट आहेत आणि शंका नाकारता येत नाही. 'नाकारता येत नाही.' मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. दोन नकार एकत्र आले की होकार होतो असं मी मुलांना शिकवते. मग हा होकार आहे का? डाग आहे, पण काय आहे ते माहीत नाही, की काय आहे ते माहीत आहे पण सांगत नाहीयेत? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "डॉक्टरांना विचार ना, व्याकरणाला काय विचारतेस." बरोबर होतं, म्हणूनच मला ते आवडलं नाही.

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी आम्हाला पोटाच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते शिरगाव फाट्याच्या अलीकडे एका नव्या इस्पितळात दर गुरुवारी बसतात. त्यांनी आमची सीडी संगणकावर लावली. मला त्यातलं काही कळत नाही, पण ओल्या शाईवरून कुणाची तरी बाही फिरलीय एवढं मलाही दिसलं. यकृताची एक कड असायला हवी तिथे चार-चार कडा होत्या. स्वादुपिंड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते डॉक्टरांनाही बोटाने दाखवता येईना.

"आबा, श्वास रोखला नाहीत का हो?" त्यांनी विचारलं.

"श्वास?" आबा दचकले. "श्वास कशाला रोखू? कुनी सांगितलंच न्हाई. ह्या आमच्या बाईनं दम धर म्हनून सांगितलं, मी दम धरला. पाठीला रग लागली, नाकाला खाज सुटली, तरी बोट हलवलं न्हाई. म्हटलं आसू दे, दम धरायचाय."

डॉक्टर खळखळून हसले. मला हसू येईना. दम लागतो, दम टाकतो, दम भरतो, कुणाला दम देतो, हॉटेलात दम आलू खातो. इतके दम आणि मला नेमका तोच आठवला. 'दम धरणे : धीर धरणे, वाट पाहणे.' हा वाक्प्रचार मी स्वतः फळ्यावर लिहीत आलेय, अर्थासकट, आणि खाली वाक्यात उपयोग करा म्हणून. माझ्याच पेपरात आबांना पैकीच्या पैकी मिळाले असते.

डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, इथे नवीन मशीन आहे, पोटासाठीच्या नव्या जलद पद्धती आहेत, इतका वेळ श्वास रोखावा लागत नाही. पुढच्या गुरुवारी या.

पुढच्या गुरुवारी आबांना घेऊन मी लोकलने बेगडेवाडीला उतरले. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने आमच्याकडे बघून काही न विचारता आम्हाला शिरगावच्या साईबाबांच्या भक्तांमध्ये बसवलं. म्हातारा माणूस, धुतलेली टोपी, गुरुवार, त्याचं काय चुकलं? मधे उतरायचंय म्हटल्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, "दर्शनाला न्हाई येत? इतक्या जवळ येऊन?" आबा म्हणाले, "आदी फोटो काढतो, मंग येतो." त्या बाईंनी मान डोलावली. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

इथली तंत्रज्ञ माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची होती, मराठी बोलणारी आणि न कंटाळणारी. आबा कपडे बदलायला गेले तेव्हा मी तिला गाठलं. हे मशीन इतक्या लवकर कसं करतं?

ती म्हणाली, मॅडम, आम्ही त्याला फोटो म्हणतो, पण तो फोटो नसतो. पोटातून येणाऱ्या खुणा मशीन एकेक करून गोळा करतं आणि सगळ्या जमल्या की त्यातून चित्र तयार होतं. सगळ्या गोळा करायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पोट थांबत नाही. माणूस श्वास घेतो, यकृत खाली सरकतं, आतडी वळवळतात. म्हणून आता पोटावरच्या त्या पट्ट्यात पुष्कळ छोटे कान बसवलेत, सगळे एकदम ऐकतात. शिवाय सगळ्या खुणा घ्यायच्याच नाहीत. इकडच्या थोड्या, तिकडच्या थोड्या घ्यायच्या आणि उरलेलं गणिताने भरून काढायचं.

"भरून काढायचं म्हणजे?"

"म्हणजे, गाळलेल्या जागा भरा असतं ना तुमचं? तसं."

तिने ते मला सोपं जावं म्हणून सांगितलं, पण गाळलेल्या जागा मुलं कशा भरतात ते मला विचारा. 'आमचे गाव ____ आहे.' चाळीस मुलांतली पस्तीस 'सुंदर' लिहितात. गावात नळाला पाणी नसतं, उकिरडा दारात असतो, तरी सुंदर. हे मशीनही आबांच्या स्वादुपिंडात 'सुंदर' लिहून मोकळं झालं तर?

मी तिला तसं विचारलं. ती हसली नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. म्हणाली, "मुलं प्रश्न न वाचता भरतात. हे मागचंपुढचं धरून भरतं. जे भरलं ते घेतलेल्या खुणांशी जुळतंय का ते पुन्हा पुन्हा ताडून बघतं. फार कमी घेतलं तर चित्र दाणेदार येतं, आम्हाला दिसतं, मग आम्ही जास्त घेतो. आणि एकाच चित्रावर कुणी ठरवत नाही, मॅडम. वेगवेगळ्या प्रकारची काढतो."

मला पटलं का? अर्धंच. आधीच्या मशीनने सगळं घेतलं होतं आणि काहीच सांगितलं नव्हतं. हे थोडंच घेणार आणि सगळं सांगणार. यातल्या कशावर विश्वास ठेवायचा ते मला तिथे उभं राहून ठरवता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही येत नाही. पण हातात दुसरं काही नव्हतं.

ती म्हणाली, "काही चित्रांना ते नेहमीसारखा श्वास घेत राहिले तरी चालेल, मशीनच श्वासाकडे लक्ष ठेवतं. काहींना मात्र रोखायला लागेल, पण दहा मोजायच्या आत सुटका. तेवढं जमेल ना त्यांना?"

आबा बाहेर आले. रेकॉर्ड केलेला आवाज इथे मराठी होता. तिने तो ऐकवला. 'श्वास रोखून धरा.' आबा माझ्याकडे बघायला लागले. त्यातल्या 'धरा'ने त्यांचा पुन्हा घोटाळा झाला होता. आता मी तोंड उघडायलाच भीत होते. कुठला शब्द काढावा आणि त्याचं काय होईल याचा भरवसा नव्हता.

मग मला विहीर आठवली. मी लहान असताना वाडीतल्या कुणाचीही कळशी किंवा बादली विहिरीत पडली की आबांना बोलावणं यायचं. ते कठड्यावर टोपी काढून ठेवत आणि आत जात. वर पाणी शांत व्हायचं. मी कठड्याला धरून उभी असायची आणि मला दरवेळी वाटायचं की आता ते येत नाहीत. मग कळशी आधी वर यायची आणि तिच्यामागे आबा.

"आबा," मी म्हणाले, "कळशी काढायला बुडी मारायचा ना, तसं. पहिला आवाज आला की बुडी. दुसरा आवाज आला की वर."

आबांचा चेहरा उजळला. "मंग ह्ये आदी न्हाई का सांगायचं? म्हनं दम धरा."

ते आत गेले. या वेळी तिने मला काचेजवळ बसू दिलं. पहिला आवाज झाला. पडद्यावर आबांच्या श्वासाची रेघ नागमोडी चालली होती, ती एकदम सपाट झाली. मी मनात मोजायला लागले. सात, आठ, नऊ. दुसरा आवाज झाला, 'श्वास सोडा.' रेघ सपाटच. बारा. पंधरा. अठरा. तिने माइक ओढला. "आबा? आबा, सोडा श्वास. झालं." रेघ हलली नाही. मी खुर्चीतून उठले होते. कठडा धरायची तशी काचेची कड बोटांनी धरली होती आणि आता ते येत नाहीत असं मला अगदी तसंच वाटलं.

मग रेघ उसळली. आबांचा आवाज आला, "तळाला हात लागल्याबिगर वर कसा यायचा?"

तंत्रज्ञ इतकी हसली की तिला थोडा वेळ बटणं दाबता येईनात. मला मात्र रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. ती हळूच म्हणाली, "मॅडम, यांची छाती माझ्यापेक्षा चांगली आहे." म्हणजे फुफ्फुसं गेली हा माझा शोधही चुकलेला. पुढच्या बुड्या आवाजाबरहुकूम झाल्या. दरवेळी श्वास सारखाच भरलेला, यकृत दरवेळी एकाच जागी. जे मागच्या वेळी पाऊण तासात झालं नव्हतं ते निम्म्या वेळात झालं, आणि आबा बाहेर येऊन म्हणाले, "संपलं? मला वाटलं अजून चार-पाच कळश्या हायेत."

दर्शनाला आम्ही गेलो नाही. निकाल कळल्यावर जाऊ, आबा म्हणाले.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. नववीच्या वर्गात मी 'नाकारता येत नाही' या वाक्यावर अर्धा तास बोलले आणि मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मधेच कधी वाटायचं, चित्र स्वच्छ येईल. मग वाटायचं, स्वच्छ आलेलं चित्र खरं कशावरून? आणि धूसर राहिलेलं बरं नव्हतं का, त्यात निदान आशेला जागा होती.

गुरुवारी डॉक्टरांनी नवी चित्रं लावली. या वेळी यकृताला एकच कड होती. खाली स्वादुपिंड, मक्याच्या कणसासारखं, आणि त्याच्या अंगाला एक पांढराशुभ्र थेंब. डॉक्टर त्याच्यावरून बराच वेळ वर-खाली फिरले. एक चित्र, दुसरं, तिसरं. मी आबांचा हात धरला होता, की त्यांनी माझा, आठवत नाही.

"पाण्याचीच पिशवी आहे," ते म्हणाले. "आत गाठ नाही, भिंत पातळ आहे, नळी मोकळी आहे. दुखतंय ते पित्ताचं असेल, त्याला औषध देतो. याला हात लावायचा नाही. वर्षाने पुन्हा चित्र काढायचं आणि वाढतेय का ते बघायचं. तोवर आबा, तुम्ही फक्त दम धरायचा."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

"कंचा दम?" त्यांनी विचारलं. "श्वासाचा, का दुसरा?"

डॉक्टर पुन्हा हसले. "दुसरा, आबा. वाट बघायचा."

नंतर आम्ही शिरगावला जाऊन आलो. आबांनी रांगेत उभ्या असलेल्या चार अनोळखी माणसांना स्वादुपिंड गोड नसतं हे सांगितलं. तिथून बेगडेवाडी स्टेशनला आलो आणि लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीसाठी बाकावर बसलो. मी त्यांना औषध कधी घ्यायचं ते समजावत होते, तिखट कमी करा, रात्री लवकर जेवा, आणि वर्षभर वाट बघायची म्हणजे घाबरायचं नाही, असं बरंच काही. शिक्षिकेला थांबणं अवघड जातं.

"त्यो दम मला येतोय की," आबा म्हणाले. "होळीपासनं धरलाच व्हता. तू म्हनालीस म्हनून."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ते गाडी येते त्या बाजूला बघत होते. मला 'चुकलं माझं' म्हणायचं होतं, एवढं साधं वाक्य, पण ते तोंडातून निघेना. होळीपासून श्रावणापर्यंत जेवल्यावर दर वेळी पोट धरून बसलेला माणूस मला दिसत होता. दरवेळी त्याने स्वतःला सांगितलं असणार की बाई म्हणालीय, दम धर.

गाडी आली. आबांनी माझी पिशवी उचलली आणि म्हणाले, "चल, बुडी मार," आणि माझा हात धरून मला डब्यात चढवलं.